पितृपक्षातलं बिझनेस लेटर

मला लहानपणापासून दुसऱ्यांची पत्रं वाचायची वाईट खोड आहे. पोस्टमनने चुकून शेजारच्यांचं अंतर्देशीय आमच्या दारात टाकलं, तर ते परत करण्याआधी मी उजेडात धरून बघायची. आई म्हणायची, "तुझ्या नाकाला काहीतरी काम दे बाई, नाहीतर ते लोकांच्या घरात शिरतं." पुढे मी पत्रं लिहायला शिकवण्याचीच नोकरी धरली, तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

उज्जैनला देवास रोडवर तेव्हा एक खाजगी कॉलेज नवीनच निघालं होतं. रिसेप्शन काचेचं, फाइली चकचकीत, आणि मुलं मात्र तराना, बडनगर, घट्टिया इथली, सगळी हिंदी मीडियमची. इंदूरला बाहेरच्या कंपन्या येताहेत, मॉल उघडताहेत, अशी हवा होती, आणि त्या हवेत प्रत्येकाला इंग्रजी पत्र लिहिता यायला हवं होतं. माझा विषय कागदावर 'बिझनेस कम्युनिकेशन' होता. मुलं त्याला 'चिट्ठी वाला पीरियड' म्हणायची.

चिठ्ठ्या कशा, तर सगळ्यांच्या एकाच गाइडमधल्या. तक्रारीचं पत्र म्हटलं की कानपूरच्या एका दुकानातून मागवलेला टी-सेट फुटलेला निघायचा. दर वर्षी पस्तीस मुलांचे पस्तीस टी-सेट फुटायचे. मी लाल पेन घेऊन बसायची आणि तीच वाक्यं तपासायची. मला त्या पत्रांचा मनापासून कंटाळा आला होता. ज्या बाईला दुसऱ्यांची पत्रं वाचायला आवडतात, तिला पैसे देऊन असली पत्रं वाचायला बसवणं म्हणजे गोड खाणाऱ्याला रोज पथ्याची पेज वाढण्यासारखं होतं.

अशात दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि त्याने मला ब्लॉग दाखवला. आपली वही आपण लिहायची आणि साऱ्या जगाने ती वाचायची! माझा विश्वासच बसेना. कुणाचीही? फुकट? न विचारता? पुढचे आठ दिवस मी फ्रीगंजच्या सायबर कॅफेत जाऊन अनोळखी लोकांच्या वह्या वाचत बसले. कुणी न्यूझीलंडमधला मेंढ्यांविषयी लिहितोय, कुणी कॅनडातली बाई आपल्या सासूविषयी. मग आमच्या यांनी घरीच इंटरनेट घेतलं आणि पस्तावले. बँकेतून आल्यावर दारातूनच विचारायचे, "अगं, आज पण दुनियेचीच डायरी चालू आहे का? काही खाना-बिना बनणार की नाही?"

कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मी वर्गाचा ब्लॉग काढला. प्राचार्यांना वाटलं, कॉलेजची जाहिरात होईल, म्हणून त्यांनीही हो म्हटलं. पहिला स्वाध्याय दिला, तक्रारीचं पत्र. दोन दिवसांनी कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्यांनी मिळून पान उघडलं. वहीतली पत्रं एकट्या माझ्याच डोळ्यांखालून जायची. इथे ती एकाखाली एक लागली होती. पस्तीस टी-सेट, पस्तीस वेळा कानपूर, तेच सहा कप फुटलेले. वर्गात कुणी हसेना. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, कानपुर वाले की तो दुकान बंद हो गई होगी." मग जे हसू फुटलं ते तास संपेपर्यंत थांबलं नाही.

त्या दिवशी मी गाइड बंद केलं. म्हटलं, आपल्या घरी, आपल्या गल्लीत जो धंदा चालतो, त्याच्याबद्दल लिहा. परदेशातल्या माणसाला समजेल असं. आणि एकमेकांच्या लेखनावर खाली शेरा लिहा.

शेऱ्यांचं काही जमलं नाही. चारचौघांत कुणाची चूक काढणं आमच्या मुलांच्या संस्कारांत नव्हतं. प्रत्येकाखाली 'व्हेरी नाइस' नाहीतर 'गुड वर्क भैया' एवढंच. पण लेखन मात्र बदललं. एकाने रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या आपल्या वडिलांविषयी लिहिलं, एकाने मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या काकूविषयी. इंग्रजी लंगडं होतं, पण मला दुसऱ्यांच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं आणि मी खूष होते.

वर्गात भैरवगढची एक मुलगी होती. सावळी, बारीक, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिच्या वडिलांचा बाटिकचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. तिने ब्लॉगवर मेणाविषयी लिहिलं. ओल्या वाळूवर कापड कसं पसरतात, उकळतं मेण कलमाने कसं सोडतात, रंगात बुडवल्यावर मेणाला तडे कुठे जातील हे वडिलांनाही सांगता येत नाही, आणि शेवटी गरम पाण्यात ते मेण सुटून वर तरंगतं तेव्हा घरातले सगळे वाकून नक्षी कशी निघाली ते बघतात. वाक्यं चार-चार शब्दांची. मी ती तीनदा वाचली. मी वीस वर्षं उज्जैनला राहत होते, भैरवगढच्या चादरी अंगाखाली घालून झोपत होते, आणि त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

तास संपल्यावर मी तिला गाठून प्रश्नांची सरबत्ती केली. मेण कुठून आणता? हात भाजत नाहीत का? तडे कधी नकोशा जागी जातात का? ती उत्तरं देत गेली आणि शेवटी सहज बोलून गेली, "मॅडम, दिवाली के बाद पापा बंद कर रहे हैं."

लसणाचा एक व्यापारी ती खोली गोदामासाठी मागत होता. माप घेऊन गेला होता. भावाने पीथमपूरला कारखान्यात नोकरी धरली होती, इंदूरचे दुकानदार आता मशीनवर छापलेलं कापड घेत होते, आणि वडील थकले होते. तिला मात्र ते काम सोडायचं नव्हतं. "मुझे और कुछ नहीं आता मॅडम, और यही अच्छा भी लगता है," ती म्हणाली. वडिलांनी तिला सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत बाहेरचं एक जरी गिऱ्हाईक मिळालं तर विचार करू. ते मिळणार नाही असं ते धरूनच चालले होते.

आणि गिऱ्हाईक मिळालं! भाद्रपद अर्धा सरत आला होता. हॉलंडमधल्या एका बाईंनी त्या लेखाखाली शेरा लिहिला आणि मग मेल पाठवली. त्यांचं लहानसं कापडाचं दुकान होतं. मेणाच्या तड्यांबद्दलचं वाचून त्यांना ते कापड हातात घेऊन बघावंसं वाटलं होतं. सहा नमुने पाठवाल का, पण दोन आठवड्यांत हवेत, कारण मग एक प्रदर्शन आहे. त्या बाईंचंही इंग्रजी शिकलेलंच होतं. दोन ठिकाणी माझं लाल पेन शिवशिवलं, खोटं कशाला सांगू.

मेल आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागत होता.

मुलगी संध्याकाळी माधव नगरला आमच्या घरी आली. घाम पुसत म्हणाली, "मॅडम, अब क्या करें? श्राद्ध में तो पापा नया काम हाथ में लेंगे नहीं." वडिलांना ते विचारायचीही तिला गरज वाटली नव्हती. मलाही वाटली नाही. आमच्या घरी त्याच आठवड्यात वॉशिंग मशीन यायचं होतं, ते यांनी नवरात्रावर ढकललं होतं. उज्जैनला पंधरा दिवस कुणी नवी वस्तू घेत नाही, नवी बोलणी करत नाही, हे काय कुणी कुणाला विचारतं? त्यातून तिचं घर सिद्धवटाजवळ, जिथे गावोगावचे लोक पिंडदानाला येतात. तिथे तर बोलायलाच नको.

"उनको सच-सच लिख दूँ?" तिने विचारलं.

मी चटकन म्हणाले, "अजिबात नाही."

याचं कारण सांगायला हवं. माझे वडील सरकारी ऑफिसात कारकून होते आणि त्यांचे अर्ज इतके सुबक असायचे की साहेब ते दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवायचे. त्यांचा एक नियम होता. घरचं कारण ऑफिसच्या कागदावर आणायचं नाही. बहिणीचं लग्न असो, पोराला गोवर असो, ते एकच लिहायचे, 'काही अपरिहार्य कारणास्तव'. मी तो नियम इंग्रजीत करून वर्षानुवर्षं शिकवला होता. माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी ते शब्द विसरला नसेल.

पण नियम हे अर्धंच कारण. मला लाज वाटली. युरोपातली बाई वाचणार आणि तिला आपण सांगणार की आमचे मेलेले आजे-पणजे पंधरा दिवस जेवायला येतात म्हणून कापड पाठवता येत नाही? ती हसेल, असं मला वाटलं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, मुलीलाही नाही. तिला मी म्हटलं, "बेटा, बिज़नेस में पर्सनल बात नहीं लिखते."

मग आम्ही दोघींनी बसून पत्र केलं. दोघींनी कसलं, मीच केलं. आपल्या मौल्यवान चौकशीबद्दल आभार, काही अपरिहार्य कारणास्तव नमुने तीन आठवड्यांनी रवाना होतील, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, सदैव आपल्या सेवेस तत्पर. एक स्वल्पविराम चुकला नव्हता. मुलीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, ये तो बहुत बड़ी कंपनी का लग रहा है." मी ते कौतुक समजले.

चार दिवसांनी ती टॉवर चौकातल्या सायबर कॅफेतून थेट कॉलेजात आली आणि एक प्रिंट माझ्यासमोर ठेवली. हॉलंडचं उत्तर होतं. दोनच ओळी. कळलं, धन्यवाद, नमुन्यांची सोय मी दुसरीकडे केली आहे, तुम्हाला शुभेच्छा. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले. ती ऐकून न घेताच म्हणाली, "कोई बात नहीं मॅडम," आणि निघून गेली. पुढचे तीन दिवस वर्गात आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी सवयीने ब्लॉग उघडला तर तिने नवं लिहिलं होतं. इंग्रजीतच, तशाच छोट्या वाक्यांत. या दिवसांत आमच्या गल्लीतून चालायला जागा नसते. घाटावर सगळे तांदळाचे गोळे घेऊन बसलेले असतात. आई खीर करते. आधी गाय, मग कुत्रा, मग कावळा, मग आम्ही. माझ्या पणजोबांनी आमच्या घरात पहिली मेणाची कढई चढवली, त्यांच्या तिथीला वडील त्यांचं जुनं कलम धुऊन पानाशेजारी ठेवतात. घरात मोठी माणसं जेवायला बसलेली असताना नवं काम कसं सुरू करायचं? म्हणून कढई पंधरा दिवस थंड असते. एका बाईंना आमचं कापड बघायचं होतं. मी त्यांना पत्र लिहिलं, पण त्यात यातलं काहीच नव्हतं.

माझं नाव तिने कुठेही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते मला लागलं.

खाली एक शेरा होता. हॉलंडच्या बाईंचा. त्याचा अर्थ असा होता: हे तू मला आधी का सांगितलं नाहीस? तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुमचा माल दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला गेला आणि तुम्ही मला गोड बोलून टाळताय. प्रदर्शन हुकलं असतं तरी चाललं असतं. मी थांबले असते.

मी ते शेवटचं वाक्य वाचलं आणि चहाचा कप तसाच राहिला. हे शेजारी पेपर वाचत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मग आता जाऊन सांग त्यांना. इथे बसून काय होणार?" लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण त्यांचं म्हणणं मी इतक्या निमूटपणे पहिल्यांदाच ऐकलं.

मी स्कूटी काढून भैरवगढला गेले. मुलगी अंगणात होती, मला बघून गोंधळली. वडील खोलीच्या दारात बसले होते, पन्नाशीचे, बोटांच्या पेरांना निळा रंग मुरलेला. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं, खरं कारण मी लपवायला लावलं, गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं.

त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "मांगा क्या था उन्होंने?"

"छह नमूने, बस," मुलगी म्हणाली.

ते उठले आणि आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. भिंतीच्या कडेने फळ्यांवर घड्या रचल्या होत्या, चादरी, ओढण्या, वाराचं कापड. त्यांनी वरच्या सहा घड्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. "ये गर्मी के छपे पड़े हैं. डिब्बे में डाल के भेज देते. इसमें कौन-सा नया काम था? श्राद्ध में नई कढ़ाई नहीं चढ़ाते बेनजी, दुकान थोड़े ही बंद कर देते हैं." मग ते मुलीकडे वळले. "तूने मुझसे पूछा क्यों नहीं?"

ती माझ्याकडे बघू लागली आणि मी त्या घड्यांकडे. मेण कुठून येतं, हात भाजतात का, सारं मी विचारलं होतं. एक प्रश्न तेवढा दोघींपैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तोंडात मारल्यासारखं झालं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

"अब रोने से क्या," ते म्हणाले, पण रागाने नाही. "उन्होंने फिर लिखा क्या, वो सुना."

मुलीने तो शेरा छापून आणला होता. तो तिने हिंदीत करून सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आखिरी वाला फिर से बोल."

"मैं रुक जाती."

"बिना देखे? हमको तो जानती भी नहीं."

"हाँ."

त्यांनी सहाही घड्या एकावर एक नीट रचल्या. बाहेरून सिद्धवटाकडे जाणाऱ्या लोकांचे आवाज येत होते. मग त्यांनी मुलीला कागद घ्यायला सांगितला. "लिख. ये छह टुकड़े कल डाक से भेज रहे हैं, ऐसे ही, देखने के लिए. और पूछ, उनके यहाँ जो गुज़र जाते हैं, उनको क्या खिलाते हैं?"

मुलीने पेन माझ्याकडे पुढे केलं, सवयीने. मी हात मागे घेतला. तिने ते स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. पहिल्याच वाक्यात एक चूक होती, ती तशीच गेली.

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. मी निघत होते तेवढ्यात त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि लसणाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. इकडचं-तिकडचं काही बोलले नाहीत.

"सेठ, कमरा इस साल नहीं दूँगा," ते म्हणाले. "नहीं नहीं, भाव की बात नहीं है. कोई हमारे लिए पंद्रह दिन रुकने को तैयार थी. हम एक साल तो रुक के देखें."